परवाना नसलेला कॅसिनो आणि दुकानाचा गल्ला

संध्याकाळी दुकानाच्या गल्ल्यात जी रक्कम जमते ती सगळी दुकानदाराची नसते. तीत घाऊक व्यापाऱ्याची उधारी असते, कारागिराची मजुरी असते, भागीदाराचा हिस्सा असतो, सरकारचा कर असतो आणि उरली तर घरखर्चाची रक्कम असते. मालेगावात जुम्म्याला माग बंद ठेवून आदल्या दिवशी हिशेब करणारा यंत्रमागधारक असो, भिवंडीचा सूत व्यापारी असो की मिरजेचा सतारमेकर असो, प्रत्येकाचे भांडवल असे चार जणांच्या विश्वासावर उभे असते. म्हणून या पानावर आज जो विषय घेतला आहे तो केवळ व्यसनाचा किंवा पापपुण्याचा नाही. मोबाईलवरच्या कॅसिनोत जाणारा पैसा बहुधा खिशातून जात नाही, गल्ल्यातून जातो, आणि आता तर गल्लाही मोबाईलमध्येच आला आहे. ज्या यंत्रावर गिऱ्हाईकाचे पैसे येतात त्याच यंत्रावर रूलेटचे चाक फिरते. मध्ये उंबरठासुद्धा नाही.

पूर्वी मुंबईत आणि गिरणगावांत मटका चालत असे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव तारेने येत आणि त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठी व पुढे पत्ते काढून आकडा ठरू लागला. मटक्याने किती घरे बसली हे सांगण्याची गरज नाही. पण एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. मटक्याचा आकडा घेणारा माणूस मोहल्ल्यातला असे. तो कुठे राहतो, कोणाचा मुलगा आहे हे ठाऊक असे आणि लागलेला आकडा त्याने चुकवला तर दुसऱ्या दिवशी त्याचा धंदा बसत असे. आजच्या ऑनलाइन कॅसिनोचा मालक कोण, हे खेळणाऱ्यालाच नव्हे तर अनेकदा त्याला आयडी देणाऱ्या दलालालाही माहीत नसते.

परवाना म्हणजे नेमके काय?

ब्रिटनमध्ये २००५ च्या जुगार कायद्याखाली एक आयोग आहे. त्याचा परवाना घेतल्याशिवाय तेथील लोकांना ऑनलाइन जुगार देता येत नाही. परवानाधारकाने खेळाचे सॉफ्टवेअर तपासून घ्यायचे असते, खेळणाऱ्याचे वय पाहायचे असते, तक्रारीसाठी त्रयस्थ संस्था नेमायची असते. एप्रिल २०२० पासून तेथे क्रेडिट कार्डावर जुगार खेळण्यास बंदी आहे. ज्याला स्वतःला आवरायचे आहे त्याने एकदा नाव नोंदवले की सर्व परवानाधारक संकेतस्थळे त्याला बंद होतात. एवढे करूनही तेथे जुगाराने माणसे उद्ध्वस्त होतात ती होतातच. परवान्याने चाकाचे गणित बदलत नाही, फक्त लुबाडणुकीवर थोडा लगाम बसतो.

याच्या उलट टोकाला कॅरिबियन समुद्रातले कुरासाव नावाचे छोटे बेट आहे. तेथे नव्वदच्या दशकापासून चार मुख्य परवानाधारक होते आणि ते आपल्या परवान्याखाली इतरांना पोटपरवाने देत. दुकानाच्या एका गुमास्ता परवान्यावर शंभर दुकाने थाटावीत असा हा प्रकार होता. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे नवा कायदा लागू झाला आणि ही पोटपरवान्याची पद्धत मोडीत काढण्यात आली. तरीही संकेतस्थळाच्या तळाशी एखाद्या बेटाचे चिन्ह छापलेले दिसले की आपल्याकडचा माणूस ते सरकारी शिक्क्यासारखे मानतो. ते चिन्ह चित्र म्हणून कोणीही चिकटवू शकतो. आणि ते खरे असले तरी त्या बेटाच्या परवान्याला भारतात काडीची किंमत नाही.

आपल्या देशात स्थिती अशी आहे. जुगार हा राज्यांचा विषय असून महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. १९७६ साली राज्याने कॅसिनोंसाठी एक कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दच करण्यात आला. गोव्यात मांडवी नदीत तरंगणारे कॅसिनो कायदेशीर आहेत, पण तो परवाना त्या जहाजापुरता आहे, मोबाईलसाठी नाही. (आणि गोवा सरकारने २०२० मध्ये खुद्द गोवेकरांना या कॅसिनोंत जुगार खेळण्यास मनाई केली, ही गोष्टही बरेच काही सांगून जाते.) ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधी कायदा मंजूर केला व २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्यात पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांना बंदी आहे, मग तो नशिबाचा खेळ असो की कौशल्याचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड, आणि पैशांची देवघेव करून देणाऱ्यालाही चालवणाऱ्याइतकीच शिक्षा सांगितली आहे. केवळ खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. तेव्हा तुमच्या मोबाईलवर 'परवानाधारक' म्हणून जो कॅसिनो दिसतो, तो भारताच्या दृष्टीने बिनपरवान्याचाच आहे, हे पक्के समजावे.

चाकाचे गणित

आपण व्यापारी माणसे, तेव्हा हिशेब करून पाहू. रूलेटच्या साध्या चाकावर शून्यासह ३७ घरे असतात. प्रत्येक घरावर शंभर रुपये लावले तर ३,७०० रुपये लागतील. एक घर नक्की लागणार. त्याचे ३५ पट आणि मूळचे शंभर मिळून ३,६०० रुपये हातात येतील. शंभर रुपये कॅसिनोचे. म्हणजे शेकडा २ रुपये ७० पैसे. दोन शून्यांच्या चाकावर हाच कट्टा शेकडा ५ रुपये २६ पैसे पडतो.

शेकडा पावणेतीन म्हणजे काय मोठे, असे कोणी म्हणेल. दलालीचा दर म्हणून तो खरोखर मोठा नाही. पण दलाली एका सौद्याला एकदा लागते. येथे तीच रक्कम पुन्हा पुन्हा फिरते आणि प्रत्येक फेरीला दलाली कापली जाते. मोबाईलवर दहा सेकंदाला एक चाक फिरते असे धरा. तासाला ३६० फेऱ्या, दर फेरीला शंभर रुपये, म्हणजे तासाची उलाढाल ३६,००० रुपये. त्यावर २.७ टक्के म्हणजे सुमारे ९७३ रुपये. पाच हजार घेऊन बसलेल्या माणसाचे भांडवल सरासरीने पाच तासांत साफ. मधे तो कधी सात हजारांवर जाईल, कधी दोनवर येईल. त्या चढउतारालाच तो खेळ समजतो. ज्या धंद्यात मालाचा एक कणही न हलता उलाढालीवर एका बाजूलाच कायम कमिशन जाते, त्या धंद्यात दुसऱ्या बाजूला बसण्याचे काय प्रयोजन?

'डबल' करत जाण्याची युक्ती सांगणारे बरेच भेटतात. हरलो की दुप्पट लावायचे, एकदा जिंकलो की सगळे परत. शंभरापासून सुरू करा: १००, २००, ४००, ८००, १,६००, ३,२००, ६,४००. सात वेळा ओळीने हरलात तर १२,७०० रुपये गेले आणि आठव्या वेळी १२,८०० लावायचे, तेही शंभर रुपये कमावण्यासाठी. लाल किंवा काळ्यावर सात वेळा ओळीने हरण्याची शक्यता साधारण शंभर-एकशे सहा डावांत एक आहे. तासाला ३६० फेऱ्या या वेगाने असा प्रसंग सरासरीने तासाभरात एकदा तरी येतोच. युक्ती सांगणारा हा भाग सांगत नाही.

आता बोनस. पाच हजार भरा, पाच हजार आमच्याकडून, अशी जाहिरात असते. खाली बारीक अक्षरात लिहिलेले असते की जमा आणि बोनस मिळून चाळीस पट खेळल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. दहा हजारांचे चाळीस पट म्हणजे चार लाख. ज्या स्लॉट यंत्राचा कट्टा शेकडा चार आहे त्यावर चार लाख खेळले तर सरासरी तोटा सोळा हजार. हातात आहेत दहा. म्हणजे अट पूर्ण होण्याआधीच बहुतेकांचे खाते रिकामे होते. घाऊक बाजारात एखाद्या व्यापाऱ्याने अशी 'स्कीम' दिली असती तर आपण त्याच्या दारात उभे राहिलो नसतो.

हे सगळे गणित चाक प्रामाणिक आहे असे धरून केलेले आहे. बिनपरवान्याच्या संकेतस्थळावर ते प्रामाणिक आहे हे तपासणारा कोणी नसतो. नामांकित कंपन्यांच्या खेळांच्या हुबेहूब नकला केल्या जातात, आणि आत परताव्याचा दर किती ठेवला आहे हे मालकालाच ठाऊक. वजनकाट्यावर शिक्का नाही आणि काटा दुकानदाराच्या मांडीखाली आहे, अशातला प्रकार.

जिंकलेले पैसे कुठे अडतात

नव्या माणसाला सुरुवातीला दोन-चार हजार काढू दिले जातात. त्याने तो मित्रांना सांगतो, हीच त्यांची जाहिरात. रक्कम मोठी झाली की कागदपत्रे मागितली जातात, मग ती अस्पष्ट ठरतात, मग 'व्हीआयपी' दर्जासाठी आणखी जमा करा असे सांगितले जाते, आणि शेवटी निरोप येतो की आधी ३० टक्के कर भरा, मग रक्कम सोडू. येथे कायदा माहीत असणे उपयोगी पडते. ऑनलाइन खेळातील जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे हे खरे, पण एप्रिल २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे तो देणाऱ्याने त्याच रकमेतून कापायचा असतो. काढण्याआधी वेगळा कर 'भरून घेणारा' हा भामटा समजावा. दुसरी गोष्ट अशी की जुगारातला तोटा दुकानाच्या नफ्यातून वजा करता येत नाही. धंद्याच्या वहीत तो खर्च म्हणून दाखवणे हा वेगळाच गुन्हा होऊन बसेल.

कोर्टात जावे तर तेही दार बंद. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० सांगते की पैजेचा करार रद्दबातल आहे आणि पैजेत जिंकलेली रक्कम दावा करून वसूल करता येत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ पासूनचा कायदा याहून पुढे जातो. पैजेच्या जोडीने झालेले करारही त्यात रद्दबातल ठरतात. बाहेरदेशी पैसे पाठवावेत तर परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांत लॉटरी, स्वीपस्टेक व तत्सम गोष्टींसाठी रक्कम पाठवण्यास मनाई आहे. म्हणूनच ही संकेतस्थळे भारतातीलच कुणाच्या तरी बँक खात्यात पैसे भरायला सांगतात. आणि येथून पुढचा भाग व्यापाऱ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावा.

भाड्याने दिलेले खाते

कॅसिनोत पैसे भरताना दर वेळी वेगळे नाव दिसते. कधी कुणा ट्रेडर्सचे, कधी एंटरप्रायजेसचे, कधी एखाद्या मजुराचे. ही खाती भाड्याची असतात. चहाच्या टपरीवर कोणी ओळखीचा येतो आणि म्हणतो, चाचा, तुमचे करंट खाते आठ दिवस वापरू द्या, शेकडा अमुक तुम्हाला. किंवा दुकानाचा क्यूआर मागतो. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यात देवघेव करून देणाऱ्याला काय शिक्षा आहे ते वर सांगितलेच आहे.

महादेव ॲपच्या प्रकरणात ही रचना चांगली उघड झाली. अंमलबजावणी संचालनालयाने सांगितले की व्हॉट्सॲपवर संपर्क घेऊन आयडी दिल्या जात आणि देशभर ओळखीच्या लोकांना 'पॅनेल' म्हणजे शाखा वाटून नफा ७० आणि ३० अशा प्रमाणात विभागला जाई. सप्टेंबर २०२३ मध्ये संचालनालयाने सुमारे ४१७ कोटींची मालमत्ता गोठवल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने या ॲपसह २२ ॲप व संकेतस्थळे बंद केली. मार्च २०२५ मध्ये जीएसटी गुप्तवार्ता महासंचालनालयाने परदेशी जुगाराची ३५७ संकेतस्थळे बंद केल्याचे आणि जवळपास २,४०० बँक खाती रोखल्याचे सांगितले. या खात्यांमागची माणसे कोण असतील याचा विचार करावा. दुबईत बसलेल्या मालकाचे त्यात एकही खाते नसते.

ज्याने खाते भाड्याने दिले नाही तोही यात सापडतो. तुम्ही खेळून दहा हजार जिंकलात आणि ते तुमच्या खात्यात आले. ते कॅसिनोने स्वतःच्या तिजोरीतून दिलेले नसतात. दुसऱ्या कुठल्या खेळणाऱ्याने भरलेले, किंवा हैदराबादच्या एखाद्या म्हाताऱ्याला फसवून काढलेले पैसे थेट तुमच्याकडे वळवलेले असतात. त्या म्हाताऱ्याने तक्रार केली की पोलीस पैशाचा माग काढत तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँकेला खाते गोठवायला सांगतात. ते खाते दुकानाचे असेल तर त्याच दिवशी सुताचे पेमेंट अडते, धनादेश परत जातात, मजुरी थांबते. दहा हजारांसाठी चार लाखांचे फिरते भांडवल अडकते, आणि परराज्यातल्या पोलीस ठाण्यात जाऊन आपण भामटे नाही हे सांगत बसावे लागते. मुलाने बापाच्या खात्यावर खेळ केला तरी परिणाम हाच. उधारीवर माल देणाऱ्यांत अशी बातमी एका दिवसात पसरते, आणि पत एकदा गेली की ती कुठल्याच बँकेतून परत मिळत नाही.

शरीअतची बाजू वाचकांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगणे भाग आहे. सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत आणि सूरह माइदाच्या ९० व ९१ व्या आयतींत मैसिर म्हणजे जुगाराचा उल्लेख दारूच्या बरोबरीने आला आहे. बकरात त्याचे काही लाभ असल्याचे मान्य करून नुकसान अधिक मोठे असल्याचे म्हटले आहे. वर केलेले चाकाचे गणित त्याच अर्थाने वाचावे. काही तरुण विचारतात की धंद्यातही जोखीम असते, मग फरक काय? फरक असा की सूत घेऊन कापड विणणाऱ्याच्या जोखमीतून कापड तयार होते. विकणारा आणि घेणारा दोघांनाही काही मिळते. जुगारात एकाचे गेल्याशिवाय दुसऱ्याला मिळूच शकत नाही. 'कलर ट्रेडिंग' वगैरे नावे देऊन जे ॲप निघाले आहेत त्यांत ट्रेडिंग हा शब्द सोडला तर व्यापाराचे काहीही नाही. लाल की हिरवा, एवढेच तेथे विकले जाते.

दुकानात काय करावे

दुकानाचे खाते आणि घरचे खाते वेगळे ठेवावे, आणि दुकानाचा यूपीआय ज्या मोबाईलवर आहे तो मुलांच्या हाती देऊ नये. रोजमेळ रोज मांडावा. महिन्याने मांडणाऱ्याला भगदाड महिन्याने दिसते. यूपीआयची दैनिक मर्यादा बँकेत किंवा ॲपमध्ये कमी करता येते. नोकर किंवा भागीदार वारंवार उचल मागू लागला, रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर असतो, झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचे फोन दुकानात येऊ लागले, तर रागावण्याआधी बाजूला घेऊन विचारावे. लाजेने लपवलेला तोटा भरून काढण्यासाठीच माणूस मोठी रक्कम लावतो. ज्याला सुटायचे आहे पण सुटता येत नाही त्याने १४४१६ या टेली मानस क्रमांकावर बोलावे. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, विनामूल्य आहे आणि नाव बाहेर जात नाही.

फसवणूक झाली असेल तर आणखी पैसे भरून आधीचे सोडवण्याचा प्रयत्न करू नये. संदेश, खाते क्रमांक, व्यवहार क्रमांक यांचे फोटो काढून ठेवावेत आणि ताबडतोब १९३० या क्रमांकावर किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीत रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता राहते, पुढे ती कमी होत जाते.

खाते गोठले असेल तर बँकेकडून लेखी घ्यावे: कोणत्या पोलीस ठाण्याने सांगितले, तक्रारीचा पोचक्रमांक काय, वादातली रक्कम किती. मग त्या ठाण्याला व बँकेला अर्ज करून मागील सहा महिन्यांची बिले, जीएसटी विवरणपत्रे आणि खाते उतारा जोडावा, आणि वादातली रक्कम तेवढी रोखून बाकीचे खाते मोकळे करावे अशी मागणी करावी. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत गोठवण्याची मर्यादा वादातल्या रकमेपुरती ठेवण्याचे निर्देश दिले आहेत. वकिलाला हा निर्णय दाखवावा. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी आणि मजुरी व व्यापाऱ्यांची देणी दुसऱ्या खात्यातून कशी द्यायची ते त्याच दिवशी ठरवावे, कारण अशी प्रकरणे सुटायला अनेकदा महिने लागतात.